पाहुण्यांचं पाणी

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींनाही, आणि माझ्या लाडक्या भाचीला, बटणाला, गालगुच्चा. तिला आवडत नाही, म्हणूनच.

तुझी बाटली पोचली. व्हॅनच्या ड्रायव्हरनं सीटखाली टॉवेलात गुंडाळून आणली. झाकणाला तू इतकी चिकटपट्टी लावली होतीस की माझ्या बायकोनं विचारलं, "यात पाणी आहे की दागिने?"

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. नळाच्या तोट्यांना मुलामा देणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं काढली आणि घरचा नळ दुरुस्त होत नाही, यावरून रोज एकदा माझा उद्धार होतो. काम भरपूर आहे. लोकांना आरशासारख्या तोट्या हव्या असतात, त्यामुळे क्रोमच्या टाक्या तिन्ही पाळ्यांत चालू. मला प्रयोगशाळेत स्वतंत्र टेबल मिळालं. खुर्ची मात्र जुनीच, एक पाय आखूड असलेली.

आता पाण्याचं. विहिरीचं पाणी हल्ली किंचित पिवळं दिसतं, नदीत मासे दिसेनासे झालेत, बटणाच्या ओठाजवळचे फोड भरत नाहीत आणि पोटही सारखं दुखतं, असं तू लिहितेस. तपासायला लागणारं औषध सध्या संपलंय. मागवलंय, आलं की लगेच बघतो. उन्हाळा तोंडावर आलाय, पाणी खाली गेलं की कधीकधी असा रंग येतो. मातीचा असेल. फोडांचं म्हणशील तर मुलांना होतातच. शाळेत असताना मला नव्हते का वर्षभर? तूच तर मलम लावायचीस, आणि मी गल्लीभर ओरडायचो.

तुझ्या मनात काय आहे तेही कळलं. नदीच्या वरच्या अंगाला आम्हीच आहोत, हे तू लिहिलं नाहीस, पण मला ते वाचता आलं. तर ऐक. आमचं सांडपाणी दर महिन्याला तपासलं जातं. सरकारी माणूस येतो आणि त्याची बाटली मी स्वतः माझ्या हातानं भरून देतो. आजवर एकदाही नापास झालेली नाही.

तोवर पाणी उकळून घे. नुसता चटका देऊ नकोस, चांगलं खळखळ उकळव, अर्धं होईपर्यंत आटव. आणि उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा लाडका
धाकटा


गुरुवार, २० मार्च

ताई,

हे पत्र पोस्टात न टाकता ड्रायव्हरच्या हाती देतोय. दुपारपर्यंत तो तुझ्या दारात असेल. त्याला पाणी विचारू नकोस, दाराशीच उभी राहून वाच.

ते पाणी पिऊ नका. कोणीच नाही. उकळलेलं तर मुळीच नाही.

फोन का नाही केला म्हणशील. केला की. परवा दोनदा, काल एकदा. तिन्ही वेळा "जेवलीस का" विचारलं आणि तू हो म्हणालीस की ठेवून दिला. तू हसलीसुद्धा असशील, याला झालंय तरी काय म्हणून.

उकळल्यानं जंतू मरतात. हा जंतू नाही, धातू आहे. क्रोम. तो वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटून अर्धं झालं की पेल्यातला क्रोम दुप्पट होतो. तू दोन आठवडे ते आटवते आहेस, माझ्या सांगण्यावरून.

तो तुझ्या विहिरीत कसा आला ते सांगतो. मुलामा चढला की तोट्या पाण्यात बुडवून धुतात. ते धुवण पिवळंधमक असतं. ते टाकीत घ्यायचं, औषध घालून पिवळ्याचं हिरवं करायचं, मग चुना घालून गाळ खाली बसवायचा आणि वरचं निवळ पाणी सोडायचं, अशी रीत. औषध सोडणारा पंप दीड वर्षापूर्वी जळला. गाळाच्या टाक्या तर त्याआधीच काठोकाठ भरलेल्या. नवा पंप येईपर्यंत म्हणून मागच्या भिंतीतून एक पाइप काढून ओढ्यात सोडला. ओढा नदीला मिळतो, आणि नदीचं पाणी झिरपून तुमच्या विहिरीत येतं. पंप अजून यायचाय.

मग बाटली पास कशी होते? त्यासाठी आमच्याकडे एक निळं पिंप आहे. तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही पाहुणे म्हणतो आणि पिंपातल्या पाण्याला पाहुण्यांचं पाणी. टँकरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्यात टाकीतलं थोडंसं घालायचं. नुसतं स्वच्छ दिलं तर आकडा शून्य येतो, आणि शून्य आलं की कुणालाही शंका येते. किती घालायचं ते प्रमाण मी काढलं, ताई. दोनशे लिटरच्या पिंपाला अर्धा पेला. मॅनेजरनं पाठ थोपटली. ते टेबल त्याबद्दलचं.

माझ्या हातानं भरून देतो, असं तुला लिहिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आता जे लिहायला हात उचलत नाही ते. तपासणीचं औषध संपलं नव्हतं. तुझी बाटली आली त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यातलं थोडं पाणी घेऊन चार थेंब टाकले. चांगलं पाणी असतं तर तसंच राहिलं असतं. ते जांभळं झालं, वांग्याच्या सालीसारखं. ओतून दिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा जांभळं. मग मी हात धुतले, टेबलाशी बसलो आणि तुला ते पहिलं पत्र लिहिलं. फोडांची गंमत, मलमाची आठवण, सगळं त्या जांभळ्या पाण्यासमोर बसून लिहिलं. काहीतरी काळजीचं लिहायला हवं म्हणून उकळ असं लिहिलं. आटव लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलंच. आटवल्यानं काय होतं हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. मी तर हेच शिकलोय.

मंगळवारी तुझं उत्तर आलं. "तुझ्या सांगण्याप्रमाणे अर्धं आटवते. शेजारच्या चार घरांतही सांगितलं, माझा भाऊ पाण्यातला माणूस आहे म्हणून. बटण नाक मुरडते, पण मामानं सांगितलंय म्हटलं की पेला रिकामा करते. फोड मात्र वाढलेत, काल दोनदा उलटी झाली." हे मी कारखान्याच्या संडासात कडी लावून वाचलं. नंतर बराच वेळ बाहेर येता आलं नाही. दोघांनी दार वाजवलं, तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

बटणाला आजच मोठ्या इस्पितळात ने. डॉक्टरांना नुसतं पोट दुखतं म्हणू नकोस, क्रोम म्हण. पाणी किती महिने पिवळं आहे ते सांग, आटवून प्यायली हेही सांग. आटवायला कोणी सांगितलं असं विचारलं तर तेही सांग. आधी त्या चार घरांत जा. गाडीत टँकरच्या पाण्याचे सहा कॅन आहेत, ते वाटून घ्या, स्वयंपाकालाही तेच वापरा. पाणी पाहुण्यांच्या पिंपाचंच आहे, पण अर्धा पेला पडायच्या आधीचं.

सोबत वहीची चौदा पानं आहेत. खरे आकडे मी वेगळे लिहून ठेवायचो. का, ते मला नीट सांगता यायचं नाही. शूर होतो म्हणून नक्कीच नाही. भावोजींना ती पानं आणि हे पत्र घेऊन आरोग्य खात्यात जायला सांग. रागानं फाडू नकोस, यात माझी कबुली आहे आणि ती कुणाच्या तरी हातात पडायला हवी. सोमवारी पाहुणे येतील तेव्हा मी बाटली मागच्या पाइपाखाली धरणार आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "आधी वन्संकडे जा."

आता तू उकळून ठेवलेलं पाणी ओतायला उठशील. थांब. मोरीत ओतलंस तर झिरपून पुन्हा विहिरीकडेच जाईल. परसात ओतलंस तर भाजीत उतरेल. बारा वर्षं या कामात आहे, पण कुठे ओत म्हणून सांगू ते मला सुचत नाही. हंडे, पातेली, बटणाचा पेला, सगळं आहे तसं झाकून ठेव. ते पाणी आमचं आहे. मी रविवारी येतो आणि घेऊन जातो.

मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. भांडी पायरीवर काढून ठेवलीस तरी मी उचलीन.

बटणाचा मामा