नेटी रेन्फ्रो यांच्या डाव्या हाताच्या सहीबाबत

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी,
टर्नी काउंटी, न्यायालय इमारत, दुसरा मजला,
हॅलोवे.

अर्जदार: आयोना प्रुइट, निवृत्त शाळा-बसचालक, राहणार धान्यकोठारामागील गल्ली, हॅलोवे.

विषय: रुग्णवाहिकेसाठी स्थानिक विक्रीकर अर्ध्या सेंटने वाढवावा किंवा कसे, यावर रहिवाशांचे मतदान घेण्याच्या मागणीपत्रावरील श्रीमती नेटी रेन्फ्रो यांची सही ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ: १) आपले दि. ११ मार्चचे पत्र. २) आपले दि. ३ एप्रिलचे पत्र, ज्यात तारीख सोडून सर्व मजकूर पहिल्या पत्राचाच आहे.

महोदया,

याच विषयावरचा हा माझा तिसरा अर्ज. पहिल्या दोन्हींत मी ‘सविनय सादर’ असे लिहिले होते. विनय अजूनही आहे, पण चालून चालून तो थकला आहे, एवढे समजून घ्यावे.

१. गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या काउंटीची एकुलती एक रुग्णवाहिका बंद झाली. तेव्हापासून कोणाला काही झाले तर गाडी मर्टनहून येते, म्हणजे त्रेचाळीस मैलांवरून. विक्रीकर डॉलरमागे अर्ध्या सेंटने वाढवला तर आपली गाडी पुन्हा सुरू होईल असा प्रस्ताव निघाला. असा कर लोकांच्या मतदानाशिवाय वाढवता येत नाही, आणि मतदान ठेवायचे की नाही हे तीन सदस्यांचे काउंटी मंडळ ठरवते. मंडळाने ऑक्टोबरच्या सभेत दोन विरुद्ध एक मतांनी नकार दिला. सभेत एक सन्माननीय सदस्य म्हणाले, “लोकांना विचारलं आणि लोक हो म्हणाले, तर मग काय करायचं?”

२. मंडळ नाही म्हणाले तरी चारशे नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणल्यास मतदान ठेवावेच लागते, हे नेटीने शोधून काढले. नेटी रेन्फ्रो तीस वर्षे हॅलोवेच्या पोस्टात खिडकीवर बसत होती. मी एकोणतीस वर्षे शाळेची बस चालवली. तिला सगळ्यांचे पत्ते पाठ, मला सगळ्यांचे रस्ते. (आपणही माझ्या बसमधून सहा वर्षे शाळेत गेलात, हे अर्जात नमूद करणे उचित नाही, म्हणून करीत नाही.) नोव्हेंबरपासून आम्ही दोघी दारोदार फिरलो. शंभरेक घरांनी दार उघडून नाही म्हटले, चाळीसेक घरांनी न उघडता. नेटीने स्वतः मात्र सही केली नव्हती. मी आठवण केली की म्हणायची, “आधी लोकांच्या घेऊ गं. माझी कुठं पळून चाललीय?”

३. दिनांक २ जानेवारी रोजी सकाळी आम्ही कटलर रस्त्यावरच्या घरांकडे निघणार होतो. मी नेटीच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत होते आणि ती चुलीपाशी ग्रेव्ही ढवळत होती. तिच्या हातून पळी पडली आणि पाठोपाठ ती. फोन केला. बाहेर बर्फ होते. गाडी यायला एक तास दहा मिनिटे लागली. पहिली दहा मिनिटे ती शुद्धीवर बोलत होती. “आयोना, ग्रेव्ही करपेल, बंद कर,” असे तिने दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा बंद केली आहे असे म्हटले. त्यानंतर ती जे बोलली ते शब्द नव्हते. उरलेला तास मी जमिनीवर तिच्याजवळ बसून होते, आणि त्या तासाबद्दल अर्जात लिहिण्यासारखे काही नाही. मर्टनच्या डॉक्टरांनी सांगितले, “अर्ध्या तासात आणलं असतं, तर हाताचं काहीतरी करता आलं असतं.”

४. फेब्रुवारीत नेटी घरी आली. वाचा बरीचशी परतली, उजवा हात परतला नाही. तिने मागणीपत्र मागून घेतले, कागद सरकू नये म्हणून माझे कोपर त्यावर ठेवायला लावले आणि डाव्या हाताने सही केली. तिला सहा मिनिटे लागली.

५. आम्ही चारशे अडतीस सह्या दाखल केल्या. आपण एकोणचाळीस रद्द केल्या. त्यांपैकी अडतिसांबद्दल माझी तक्रार नाही. काहींनी टोपणनाव लिहिले, काही गाव सोडून गेले, आणि एकाने स्वतःच्या घोड्याचे नाव लिहिले. घोड्याबद्दल मी माफी मागते. एकोणचाळिसावी नेटीची. शेरा असा: ‘सही कार्यालयातील नमुन्याशी जुळत नाही.’ राहिल्या तीनशे नव्व्याण्णव.

महोदया, ती जुळत नाही हे खरेच आहे. ती का जुळत नाही, त्याचसाठी तर मागणीपत्र आहे.

६. आपण वैद्यकीय दाखला मागितला, तो आणला. त्यात ‘उजव्या बाजूस अशक्तपणा’ असे आहे पण ‘सही’ हा शब्द नाही, म्हणून तो परत आला. मग तिने समक्ष येऊन नवा नमुना द्यावा असे कळवण्यात आले. १४ मार्चला मी तिला घेऊन आले. लिफ्ट बंद होती. आपले कार्यालय बावीस पायऱ्या वर, नेटी खाली चाकाच्या खुर्चीत. नोंदवही खाली आणता येईल का असे विचारले असता, नोंदवही कार्यालयाबाहेर नेता येत नाही, असे उत्तर मिळाले. लिफ्ट कधी सुरू होईल असे विचारले असता, दुरुस्तीला मंडळाची मंजुरी नाही, असे उत्तर मिळाले. आपल्या कार्यालयातील एक ताई मला खाली सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “काकू, एवढा जीव कशाला काढताय? दुसरी एखादी सही आणा, मिटलं.”

७. म्हणून मी दुसरी सही शोधू लागले. हार्लन टेग यांचे लाकूड आणि लोखंडी सामानाचे दुकान आहे. या कराला त्यांच्याइतका विरोध गावात कोणाचाच नाही, म्हणून मी त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते. काल गेले. ते खिळे तोलत होते. म्हणाले, “बये, अर्धा सेंट वाढला की माझं गिऱ्हाईक पलीकडच्या काउंटीत जाणार. मी याच्या विरुद्ध मत देणार, आणि चार जणांना द्यायला लावणार.” मी बरे म्हणून निघाले. तेव्हा म्हणाले, “थांब की. विरुद्ध मत द्यायचं तर आधी मतदान नको का व्हायला? आण तो कागद.” त्यांची सही नमुन्याशी तंतोतंत जुळते. ती सोबत जोडली आहे. चारशे पूर्ण झाल्या.

८. तेथून मी सरळ नेटीकडे गेले आणि तिला हे सांगितले. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, “म्हणजे माझी लागत नाही.”

मी म्हटले, लागते. हा अर्ज त्याचसाठी आहे.

९. मतदान आता येत्या नोव्हेंबरात होईल. कर वाढेल की नाही ते लोक ठरवतील; हार्लनच्या बाजूने लागले तरी मी कुरकुर करणार नाही. परंतु त्या वेळी नेटीची मतपत्रिका टपालाने जाईल, तिच्या पाकिटावर हीच डाव्या हाताची सही असेल, आणि आपले कार्यालय ती याच जुन्या नमुन्याशी ताडून पाहील. तिने तीस वर्षे या काउंटीची टपालाची मते पिशवीत भरून वेळेवर पोहोचवली. तिचेच पाकीट बाजूला पडू नये.

तरी विनंती की, नेटी रेन्फ्रो यांची सही चारशे एकावी म्हणून मोजावी व नवा नमुना नोंदवून घ्यावा. येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मी तिला घेऊन पायऱ्यांपाशी थांबेन. नोंदवही वरच राहू द्या. आपण तेवढ्या खाली या, आणि ती सही करीत असताना सहा मिनिटे उभ्या राहून पाहा.

आपली, दमलेली परंतु नम्र,
(सही)
आयोना प्रुइट
दि. १९ एप्रिल, हॅलोवे

सोबत:
१. श्री. हार्लन टेग यांच्या सहीचे पान.
२. वैद्यकीय दाखला, ‘सही’ हा शब्द डॉक्टरांकडून घालून आणलेला.
३. श्रीमती रेन्फ्रो यांनी डाव्या हाताने सरावासाठी केलेल्या सह्यांची अकरा पाने. ही परत मिळावीत, अशी त्यांची इच्छा आहे.