आख्खा मोर

भागवत अण्णा,

गोळीनं माझी कला जाईल, असं फोनवर परत म्हणू नका. डॉक्टरनं माझ्या ह्या चंचलपणाला एडीएचडी म्हणतात असं सांगून गोळी दिली, तर तुम्ही हसलात, "डोकं पळतं म्हणूनच तुझा हात चालतो, गड्या!" पोळ्याला बैलाचं एकच शिंग रंगवून मी पळालो, तवाबी तुम्हाला कौतुकच.

इथं हैदराबादला ट्रक रंगवताना ते चालत न्हाय. ट्रकांवरचे लई मोर मी अर्धेच ठेवले. मालक म्हणला, "आता अर्धा ठेवलास तर गावाकडं जा."

आज गोळी घेऊन आख्खा मोर केला. ट्रक गेला, नोकरी ऱ्हायली. पण मोराची मान जरा ताठर वाटली मला, पयल्यासारखी जिवंत न्हाय. हे वाचून तुम्ही "बघ, म्हणलं नव्हतं?" म्हणाल, म्हणून पत्र टाकत न्हाय. उद्याबी गोळी घेणार हाय.

तुमचाच,
गोरोबा