दादाचं लॉगिन

प्रिय दादा,

त्या झटक्यापासून फोनवर तुला शब्द सापडायला वेळ लागतो आणि मला तेवढा धीर निघत नाही. मीच तुझी वाक्यं पुरी करत बसते. म्हणून लिहितेय.

हॉस्पिटल आहे तसंच आहे. सर्व्हर रूमचा एसी अजून टपटपतो. औषधांच्या काउंटरवरच्या बाई रोज विचारतात, "काय गं, साहेब कधी येणार?" मी "बघू" म्हणून पुढे सटकते.

रविवारी दुपारी एक काम उरकलं. हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर आपण ज्या एका पडद्यावरून सांभाळतो, तो कन्सोल प्रत्येक सर्व्हरशी तुझ्याच खात्याने जोडलेला होता. तू "तात्पुरतं" म्हणून केलंस आणि तेच रुळलं. ऑडिटला आलेल्या माणसाने सरळ विचारलं, आजारी माणसाच्या नावावर अख्खं हॉस्पिटल कसं काय चालतं? मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले.

मग नवं खातं काढलं, कुणाच्याच नावाचं नाही, फक्त यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. लागतील तेवढेच अधिकार दिले आणि एकेक सर्व्हर जोडत गेले. सगळे निमूट जोडले गेले, लॅबचा तेवढा अडून बसला. तिथे रिपोर्ट निघत होते, काम चालू होतं, पण माझ्या पडद्यावर तो करडा पडला. काही बिघडलं असतं तर मला इथून हातही लावता आला नसता. मी पासवर्ड टाकतेय, तो नाकारतोय. तू असतास तर म्हणाला असतास, "आधी अधिकार बघ, मग पासवर्डला शिव्या दे." बघितलं. त्या एकाच सर्व्हरवर द्यायचे राहिले होते. दिले आणि तो हिरवा झाला.

रिसेप्शनवरून उचलून तू मला या खोलीत आणलंस, तेव्हा बहिणीला चिकटवली म्हणून लोक कुजबुजले होते. त्या काळात तू मला चारचौघांत बहीण म्हणून हाकसुद्धा मारली नाहीस. मला राग यायचा. आता येत नाही.

आता कामावर परतता येणार नाही, असं डॉक्टरांनी तुला सांगितलंय ते मला माहीत आहे. तुझी जागा मोठ्या साहेबांनी मला देऊ केली आणि मी हो म्हटलं. हे तुला ऑफिसच्या माणसाकडून कळायला नको, म्हणून मीच सांगतेय. आणि दुसरं. वहिनी सांगत होती, रोज सकाळी चहा झाला की तू लॅपटॉप उघडतोस, डाव्या हाताने एकेक अक्षर दाबून पासवर्ड टाकतोस, सगळे सर्व्हर हिरवे दिसले की लॅपटॉप मिटतोस आणि मग दिवसभर बरा असतोस. दादा, आज मी तुझं खातं बंद करतेय. उद्या चहाबरोबरच हे पत्र तुझ्या हातात दे, असं वहिनीला सांगितलंय. लॉगिन होणार नाही. बोटं चुकली असं समजून पुन्हा पुन्हा टाकत बसू नकोस. तुझा पासवर्ड बरोबरच आहे.

तुझीच,
धाकटी