डोंगरावरचं उष्टं

८ नोव्हेंबर, शनिवार
आलो एकदाचे! मोशीच्या फ्लॅटला कुलूप ठोकलं आणि आम्ही दोघं डोंगरमाथ्यावर, वीस तंबूंचे मालक. म्हणजे मालक शेखर, मी फुकटची मॅनेजर. चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने हे कॅम्पिंग काढलं तेव्हा सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. मी कंपनीत क्वालिटीला होते, चुका काढायचा मला नादच. पण इथे पहिल्या फेरीत काही सापडेना. खाली कारखान्यांचे पत्रे चमकतात, मागे सुळक्याकडे जाणारी ट्रेकवाल्यांची पायवाट, आणि हवा अशी की दोन घास जास्त जावेत.

जागा मारुतरावांची. त्यांच्या चुलती अंबुबाई चुलीवर भाकऱ्या करायला येतात. सत्तरी उलटली असेल, पण आवाज खणखणीत.

आजचे पाहुणे वाकडचे, आयटीतले. माणसं गोड, पण टाकतात किती! अर्धवट चावलेले लेगपीस, तोंड लावलेले पाव. दुसऱ्याच्या उष्ट्याला मी बोटही लावत नाही. लहानपणी आई माझ्या ताटातलं संपवायची तेही मला बघवत नसे. शेखर मला सोवळी म्हणून चिडवतो. चिडवू दे.

९ नोव्हेंबर, रविवार
ओल्या कचऱ्याचा प्रश्न शेखरने सोडवला. कचऱ्याची गाडी इथवर चढत नाही, आणि तंबूंच्या मागे कातळात एक खोल भेग आहे. सगळं खरकटं तिच्यात. पाहुण्यांना तो ऐटीत सांगतो की इथला कचरा निसर्गातच जिरतो. पाहुणे खूश.

अंबुबाईंनी मात्र हातातलं पातेलं आपटलं. वस्तीवरची माणसं डोंगरावर जेवली तर उरलेलं फडक्यात बांधून खाली नेतात म्हणे, उष्टं शीतसुद्धा मागे ठेवत नाहीत. "वर उष्टं टाकू न्हाई. कोन खातंय ते कुनी बघितलंय?" शेखर म्हणाला, कोल्ही खातील, आजी. मीही हसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भेगेपाशी जाऊन आले. इतकं चिकन, इतकी आमटी, आणि घाण वास नाही. एक माशी नाही. क्वालिटीवालीला हे खटकणारच, म्हणून वाकून पाहिलं. हाडं एका कडेला नीट रचलेली, चोखून चोखून पांढरी केलेली. कातळावर सायीसारखा बुळबुळीत थर आणि त्यात केस चिकटलेले. शी! हात लावला नव्हता तरी साबणाने घासघासून धुतले.

शेखर म्हणतो, बुरशी असेल. त्याला शेवटचा घास ताटात ठेवायची खोड आहे. तो घास हल्ली तो स्वतः नेऊन भेगेत टाकतो आणि वर "या जेवायला" असं हसत बोलावतो. याला विनोद म्हणतात!

१७ नोव्हेंबर, सोमवार
दोन-तीन दिवस पाहतेय, शेखरच्या ताटाची पलीकडची कड ओली असते. आज दुपारी भर उन्हात मुद्दाम समोर बसले. त्याचा हात आमटीत होता. पलीकडचा भात आपोआप दबला, मग कालवला गेला, मग चावून परत टाकल्यासारखा झाला. लाळेची एक तार ताटातून वर गेली आणि वर कोणीच नव्हतं. शेखरने न बघता त्या बाजूला आणखी भात सरकवला, घरच्या माणसाला वाढावा तसा.

मी बाहेर जाऊन ओकले. नंतर विचारलं तर म्हणाला, कुठे काय?

१९ नोव्हेंबर, बुधवार
तंबू गुंडाळले. मोशीला परत आलो. मला वाटलं, सुटलो.

इथेही तेच. मी घासून, पुसून वाढलेल्या शेखरच्या ताटात. भाकरीला गोल चावा, दात नसलेल्या तोंडाचा, आणि कडेने शेंबडासारखी लाळ. शेखरच्या जिभेवर पांढरा थर आलाय. डॉक्टरांनी औषध दिलं. पण पोटात जातंय कुठे? घास उचलेपर्यंत निम्मा झालेला असतो. गळ्याची हाडं वर आलीत त्याच्या. मला किळस येते आणि किळस आली म्हणून रडू येतं. माझा नवरा असा झिजून जाईल आणि मी नाक दाबून बघत बसेन?

२२ नोव्हेंबर, शनिवार
अंबुबाईंकडे गेले. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाहुण्यांचं त्या भेगेतल्याने नुसतंच खाल्लं, म्हणाल्या, पण तुझ्या नवऱ्याने हाक मारून वाढलं. "ज्यानं उष्टं खाल्लं त्यो घरचा झाला, पोरी. आता त्यो जेवाया येनारच की."

उपाय एकच. नवऱ्याचं उष्टं बायकोने खायचं, म्हणजे नवरा पुन्हा तिच्या घरचा. मात्र भेगेतल्याने तोंड लावायच्या आधी.

मी. उष्टं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून तीनदा वाढलं. तीनदा ते माझ्या आधी. शेखरने घास ठेवला की लगेच तो ओला. हात घातला तर बोटांना गरम, बुळबुळीत काहीतरी चाटून गेलं—

संध्याकाळी शेखर न्हाणीत पडला. उचलला तर हलका. इतका हलका. म्हणाला, विजू, भूक लागलीय गं.

मग नाही थांबले. ताटात होतं ते घेतलं. थंडगार, चिकट, आत कसलासा केस. जिभेवर आपोआप पसरलं. गिळलं. ओकारी आली तीही गिळली. सगळं संपवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
शेखर जेवला! दोन भाकऱ्या, पिठलं, वर चहा. ताटाच्या दोन्ही कडा कोरड्या. मला जवळ ओढून रडला. मी मारुतरावांना फोन करून सांगितलं, तंबू विकून टाका.

मला भूक नव्हती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
ताजं अन्न गळ्याखाली उतरत नाही. गरम भाकरीचा वास आला तरी मळमळतं. मी— जिला—

काल शेखरने ताटात शेवटचा घास ठेवला. तो वेचून खाल्ला तेव्हा कुठे जीव शांत झाला. गोड लागला. किती गोड लागला!

आता कळतंय. त्या रविवारी ताटात उष्टं एकट्या शेखरचं नव्हतं. भेगेतल्याचंही होतं. दोघांचं कालवलेलं होतं आणि मी दोघांचं—

२७
सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्याशी उभी होते. किती वेळ ते माहीत नाही. हात चिकट होते. धुतले नाहीत. चाटले.

२८
शेखरला सगळं सांगितलं. भेदरलाय. म्हणाला, यापुढे ताटात काही ठेवणार नाही. आज ताट पुसून खाल्लं, बोटंसुद्धा चाटली. एक शीत उरवलं नाही त्याने. माझ्यासाठीच करतोय बिचारा.

जेवून आडवा झालाय. झोप लागलीय. तोंड उघडं.

दाढेत भात अडकलाय त्याच्या. दिसतोय इथून. चावलेला, मऊ—

उठवणार नाही त्याला. हळूच फक्त—