दाटीत वाढलेली

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. वरच्या खोलीचं काय करू असं तू परत परत विचारतोस आणि दर वेळी मी ‘कळवते’ म्हणून फोन ठेवते. फोनवर तू ‘हां, बोल बोल’ म्हणत एकीकडे नातवंडांवर ओरडत असतोस, मागून वहिनी काहीतरी विचारत असतात, आणि मला बोलायचं असतं तेच राहून जातं. निवृत्तीनंतर मी तिकडे येणार असेन तर खोली माझी, नाहीतर भाडेकरूला हो म्हणायचं, एवढाच तुझा प्रश्न. पण मला काही एका शब्दात उत्तर देता येईना.

आधी बातमी. प्रयोगशाळेतलं टेबल आवरलं. ज्यांना तू जन्मभर ‘केळ्यावरची चिलटं’ म्हणत आलास, त्यांच्या बाटल्या नव्या बाईंच्या ताब्यात दिल्या. हिला चिलटं मारायचा पगार मिळतो, असं तू पाहुण्यांना सांगायचास. मारायचा नव्हे रे, वाढवायचा!

काय केलं ते आता एकदा सांगतेच, हसू नकोस. काही बाटल्यांत आम्ही अंडी मुद्दाम दाटीवाटीने घातली, काहींत ऐसपैस. पिढ्यान् पिढ्या तसंच चालू ठेवलं. दाटीतल्या अळ्या हळूहळू हावऱ्या झाल्या, भराभर खाणाऱ्या. ओळखू याव्यात म्हणून पांढऱ्या डोळ्यांची वेगळी जात त्यांच्याशी स्पर्धेला सोडली, तरी ह्याच पुढे. मग मी त्यांना मोजकं अन्न देऊन एकेकटीला ठेवलं. वाटलं, आता निवांत खातील. कसलं काय! शेजारी हिसकावणारं कोणी नाही, तरी आपल्या बकाबका खात सुटल्या. हावरेपणा रक्तातच उतरलेला. आणि खाल्लेलं अंगी लागेना. तेवढ्याच अन्नावर ऐसपैस वाढलेल्या संथ अळ्यांच्या छान माश्या झाल्या, ह्यांच्यातल्या कितीतरी अर्ध्यावरच मेल्या. स्पर्धेत जिंकणं वेगळं आणि तगणं वेगळं, एवढं साधं वाक्य लिहिण्यात माझी नोकरी संपली.

परवा जेवणाच्या सुट्टीत नव्या बाईंनी विचारलं, मॅडम, गाडी पकडायचीय का? त्यांच्या डब्याचं झाकण उघडेपर्यंत माझा डबा रिकामा. त्यांना काय सांगू? आपण पाच भावंडं, एक पातेलं, आणि त्यात तुझा तो लांब हात! तुझ्या धाकाने लागलेली सवय अजून सुटलेली नाही. घरी तर मी बसतही नाही, ओट्याशी उभ्या उभ्या उरकते. मग अख्खी संध्याकाळ उरते. तिचं काय करायचं ते मला ह्या वयातही कळलेलं नाही.

आणि हो, आमच्या शास्त्रात फिटनेस म्हणजे व्यायामशाळेतला नव्हे. मागे किती पिल्लं जगली, तो आकडा. त्या हिशेबाने तू पहिला आणि मला भोपळा. वहिनींना सांग, निकाल लागला म्हणून.

तुम्हा सगळ्यांना मागे टाकून मी शिकायला बाहेर पडले तेव्हा मला काय हवं होतं, तर स्वतःची खोली आणि दाराला आतून कडी. मिळाली की! आता कडी लावली काय नि न लावली काय, येणार आहे कोण? फार एकटं वाटतं रे दादा. हे कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

वरची खोली तू माझ्यासाठी किती प्रेमाने राखलीस ते मला ठाऊक आहे. वेगळा जिना, वेगळं स्वयंपाकघर, कोणाचा कोणाला त्रास नाही. म्हणूनच तर हो म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हटलं तर तुला वाटणार हिला यायचंच नाही. तर ऐक. ती खोली भाडेकरूला देऊन टाक. मी येते, पण खाली. नातवंडांच्या खोलीत एक पलंग सरकव, नाहीतर बाहेर गादी टाक. झोपेत कोणाची लाथ बसली तरी चालेल. वहिनींना मात्र आधी विचार. अडचण होईल म्हणाल्या तर तसं स्पष्ट कळव, मी रागावणार नाही. पण मला वेगळं दार देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी