सूर्याकडे कान

२ मार्च
पुतणीच्या सौर संशोधन केंद्रावर पोहोचलो. तिने फाटकातच पिशवी हिसकावली. म्हणाली, काका, रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला तुमचा, आता सूर्याचा रेडिओ सांभाळा. माळभर खांब, त्यांवर आडव्या तारा. या अँटेना सूर्याला बघत नाहीत, त्याची खरखर ऐकतात. ढग आले तरी अडत नाही. सांधे तपासायचे, गंज खरवडायचा, उंदरांनी कुरतडलेली केबल बदलायची, एवढं माझं काम. मनातलं काम वेगळं. वहिनीने बजावलंय, पोर वर्षभर घरी फिरकली नाही, गोडीगुलाबीने घेऊन या.

५ मार्च
जेवणघरात गंमत पाहिली. पुतणी, इंजिनिअर, स्वयंपाकी, सगळे टेबलाच्या एकाच बाजूला, डोकी एकाच अंगाला कललेली. मी म्हटलं, फोटो काढायचाय की काय? स्वयंपाकी म्हणाला, बसा आजोबा, होईल सवय. कशाची, ते विचारलं तर हसण्यावारी नेलं. पाणी कुठेतरी मुरतंय.

८ मार्च
आज डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सकाळी सगळ्यांचे कान पूर्वेच्या खिडकीकडे. दुपारी छताकडे. चार वाजता पश्चिमेच्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीला खिडकीच नाही. बाहेर जाऊन बघितलं. सूर्य नेमका भिंतीपलीकडे. पुतणीला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, काका, थोडं ऐकू द्या ना.

९ मार्च
सूर्य मावळला. पोरीचा कान फरशीला टेकलेला. म्हणते, पृथ्वी म्हणजे काही भिंत नव्हे, खालूनही येतं.

११ मार्च
वहिनी आजारी असल्याची थाप मारली. पुतणी मुकाट तयार झाली. इंजिनिअर अडवेल वाटलं होतं. त्याने उलट केंद्राची गाडी दिली, चालकासकट. म्हणाला, जाऊ द्या की. अँटेना एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं बारीक ऐकू येतं.
म्हणजे तिला घरी मी नेतोय, की हा पाठवतोय —

१२ मार्च
गाडीत. मागच्या सीटवर तिचा हात धरून बसलोय. सूर्य डावीकडे. तिचा कानही.

घाट लागला. गाडी वळली, तिचं डोकं वळलं नाही. सूर्य आता मागे, आणि तिची मान — एवढी माणसाची मान —

हाक मारली. म्हणते, हळू बोला काका.

चालकाला थांब म्हटलं. ऐकत नाही. त्याचंही डोकं कलायला लागलंय — समोर वळण आहे आणि हा मागे —