भाऊबीजेचा लाल दिवा

मु. सावदा
आखाजीला (शुद्ध लिहायचं तर अक्षय्य तृतीयेला) अजून अकरा दिवस

चि. हेमराज यास थोरल्या अक्काचा डोक्यावर हात, आणि चि. सौ. पुनमला दोन्ही हात, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे. आठे बठ्ठं बरं शे, तठे कसं शे ते कळव. (एवढंच आपल्या बोलीत. चौथीच्या बाईंनी पत्र शुद्ध लिहायला शिकवलं आणि पाचवीत मला कोणी घातलं नाही, त्यामुळे ते शेवटचं शिकलेलं पक्कं राहिलं.) तुझी कंबर कशी आहे? कंपनीत उभं राहून दुखते म्हणतोस, पण घरी मोबाईल घेऊन आडवं पडल्यानं ती बरी होणार नाही. तुला वाटेल अक्कानं फोन सोडून पत्र का लिहिलं. फोनवर तू "हो अक्का, हो अक्का" म्हणतोस आणि तिकडे टीव्ही बघतोस, मला आवाज येतो. तू पत्रही अर्धं वाचून ठेवशील, म्हणून हे पुनमनं मोठ्यानं वाचावं आणि तू समोर बसावं.

विषय तुझ्या डब्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तू मला साडी न घेता तुझ्या दाजींच्या गाडीत गाण्याचा आवाज वाढवणारा तो अँप्लिफायर बसवून दिलास. ओवाळलं मी, वाजलं दाजींचं. मी काही बोलले नाही. (बोलले होते, पण तू तेव्हा सीटखाली डोकं घालून होतास.) तेव्हापासून आमच्या घरात त्या डब्यालाच भाऊबीज म्हणतात. दाजी मळ्यात निघाले की भाऊबीज लावतात आणि अर्ध्या सावद्याला कळतं की गिरधरभाऊ निघाले. ती भाऊबीज दीड महिन्यापासून आजारी आहे. दहा मिनिटं नीट वाजते, मग एकदम मुकी होते, आणि हिरवा दिवा असायचा तिथे लाल लागतो. डबा माझ्याच सीटखाली, म्हणून तो दिवा माझ्या टाचेपाशी. दाजी गाडी चालवताना सारखे माझ्या पायाकडे बघतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं कधी बघितलं नव्हतं.

आधी नवलला बोलावलं. नवल म्हणजे आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा वायरमन. त्यानं डब्याचा फ्यूज काढला, उन्हात धरला, जीभ लावून पाहिली (का ते मी विचारलं नाही) आणि फ्यूज चांगला असूनही फेकून दिला. त्याच्या जागी मोटारीची जाड तांब्याची तार पिळून घातली. म्हणाला, "काकू, आता गाडी जळेल पण फ्यूज जाणार नाही." हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मी ती तार काढायला लावली आणि फेकलेला फ्यूज त्यालाच केरातून शोधायला लावला. मग त्यानं काळी तार, म्हणजे अर्थिंगची, ओढून पाहिली. ती तू रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घट्ट आवळली आहेस, हे त्यानं मान्य केलं. एवढं मान्य करायला त्याला दोन वेळा चहा लागला.

सासूबाईंचं निदान वेगळं. त्यांच्या मते डब्याला नजर लागली होती. त्यांनी गाडीभोवती मीठ-मोहरी फिरवली आणि निखाऱ्यावर टाकली. डबा लगेच वाजला. दोन दिवस वाजला आणि ते दोन दिवस सासूबाईंनी मला घरातलं एकही काम नीट करू दिलं नाही, प्रत्येकात सल्ला. तिसऱ्या दिवशी फैजपूरच्या गतिरोधकावर गाडी आपटली आणि भाऊबीज पुन्हा मुकी. मी दाजींना म्हटलं, दर वेळी गचका बसला की बंद पडते, आत काहीतरी हलतंय. दाजी म्हणाले, गाडी मी चालवतोय ना. सासूबाई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावानं दिलेली ना ती, भावासारखीच. दहा मिनिटं गोड बोलते, मग पत्ता नाही." हे मला लागलं. त्या खोटं बोलत असत्या तर लागलं नसतं.

मग जळगाव. तिथे गाड्या सजवणाऱ्या दुकानांची एक ओळच आहे, त्यातल्या एका दुकानात दीपक नावाचा कारागीर होता. (दुकानाचं नाव लिहीत नाही, तू उगाच भांडायला जाशील. किंवा जाणार नाहीस, ते जास्त वाईट दिसेल.) त्यानं सीटखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कोणी बसवलंय?" मी म्हटलं, माझ्या भावानं. तो म्हणाला, "तेच." एवढंच म्हणाला, पण दाजींकडे बघून म्हणाला. मग त्यानं डबा सोडवून टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या स्पीकरला जोडला. तासभर वाजला, हिरवा दिवा हलला नाही. म्हणजे डबा चांगला आहे, तुमचे चारही स्पीकर गेलेत, असं तो म्हणाला. मी विचारलं, चौघे एकाच दिवशी कसे गेले, साथ आली होती का? तो म्हणाला, काकू, तुम्हाला यातलं कळत नाही. मी म्हटलं, मला केळीतलं कळतं, आणि चार खोडं एकदम माना टाकतात तेव्हा मी खोडांना दोष देत नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि फक्त दाजींशी बोलू लागला. सगळं उपटा, तारांसकट नवीन घाला, हे घरगुती काम आहे. दाजी मान हलवत होते. डबा पुन्हा सीटखाली बसवून घेतला आणि परत निघालो. भाऊबीज बंद असली की आमच्या गाडीचा मागचा दरवाजा किती वाजतो ते कळतं.

आता घरात असं ठरलंय की आखाजीच्या सकाळपर्यंत डबा वाजला तर ठीक, नाहीतर तारा, स्पीकर सगळं भंगारात. सासूबाईंनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलंय. माझ्या माहेरची वस्तू सणाच्या दिवशी माझ्या दारातून हातगाडीवर चढणार आणि सगळी गल्ली ओट्यावर उभी राहून बघणार. मला गाण्याचं काही नाही. दाजींच्या आवडीची गाणी तू ऐकलीस तर तूच डबा फोडशील. पण "घरगुती काम" हे शब्द आता या घरात कायमचे राहतील, हे मला चालणार नाही. तेव्हा तू आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन ये. टेस्टर, पक्कड आणि काळी चिकटपट्टी आण. सुट्टी मिळत नाही हे लिहू नको. मागच्या महिन्यात मित्राच्या गाडीत टेप बसवायला तू चाळीसगावला दोन दिवस जाऊन राहिलास, हे मला पुनमनंच सांगितलं. (तिच्यावर डोळे वटारू नको, ती वाचतेय.)

ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधून निघ. मुलांच्या गालावरून माझ्या वतीनं हात फिरव. बाकी इथलं सगळं जिथल्या तिथे आहे, एक तो लाल दिवा सोडून.

तुझी
इंदिरा अक्का

ता. क. इथून पुढे पुनमनं हळू वाचावं, तुमच्या शेजारणीचं माहेर इथून जवळचंच फैजपूर आहे. डबा बिघडलेला नाही आणि स्पीकरही नाहीत. जळगावहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दाजी मोटरसायकलनं मळ्यात गेले तेव्हा मी स्वतः बघितलं. ठिबकची नळी कुठे फुटली ते कसं शोधतात? सगळे कॉक बंद करायचे आणि एकेक उघडायचा, ज्या ओळीला दाब पडला ती फुटलेली. तशा मी चारही स्पीकरच्या तारा सोडल्या, एकेक लावत गेले आणि दर वेळी मागच्या सीटवर बसून उड्या मारल्या, गतिरोधक म्हणून. (भाविका कॉलेजातून आली, आपली आई बंद गाडीत एकटीच उड्या मारतेय हे तिनं बघितलं आणि काही न विचारता आत गेली. पोरगी शहाणी आहे.) चौथ्या तारेला लाल दिवा लागला. मागच्या सीटखाली दाजी केळीचे घड कापायचा कोयता टाकून ठेवतात, त्यानं ती तार सोलली आहे. गाडी उडाली की आतलं तांबं पत्र्याला टेकतं. मी चिकटपट्टी गुंडाळली, पुन्हा उड्या मारल्या, तासभर वाजवलं, हिरवा दिवा. मग पट्टी सोडली, कोयता होता तिथे ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही. तू ये, अर्धा तास विचार केल्यासारखं कर, मग तो कोयता दाजींच्या आणि सासूबाईंच्या समोर बाहेर काढ. बोलू काही नको. हातात धरून नुसता उभा राहा.

ता. क. परत जाताना तुझी गाडी रिकामीच जाईल, तर मी तिच्यात बसेन. आपले नाना होते तोवर आखाजीला लेकीला माहेरी न्यायला ते दारात यायचे. ते गेले त्या वर्षी तू आलास. त्यानंतर सहा वर्षं मी एसटीनं भुसावळ, तिथून पॅसेंजरनं नरडाणा, अशी माझी पिशवी मी उचलत येते, आणि इथे सांगते की हेमराज भुसावळ स्टेशनवर येतो, आमच्या गल्लीत गाडी वळत नाही म्हणून दारापर्यंत येत नाही. सासूबाई सहा वर्षं "हो का" म्हणतात. न्यायला ये असं मी लिहिलेलं नाही. डबा बघायला ये.

ता. क. पुनम, झोक्याचा दोर यंदा जाड आण. मागच्या आखाजीला मी बसले तेव्हा लिंबाची फांदी करकरली, ती मी ऐकली होती. तू हसलीस, तेही.